कोणीं विचारलेंच नाहीं

हें सदर रात्रीं जेवणें उरकल्यावर ओटीवर मोठ्यानें वाचण्याचा प्रघात कित्येक घरीं आहे, असें वाचकांच्या पत्रांवरून कळतें आणि त्याचा आनंदहि होतो. या महिन्यापुरती मात्र एक विनंती आहे. घरांतील वडील मंडळींनीं तें प्रथम आपल्याशींच वाचावें. मग मुलाबाळांसमोर त्यांतलें किती आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचें, तें ज्याचें त्यानें ठरवावें. विषय अवघड आहे म्हणून अंक मिटून ठेवूं नये, एवढेंच मागणें आहे.

निमित्त एका भगिनीच्या पत्राचें. त्यांचा नातू आठ वर्षांचा असून त्याची मुंज नुकतीच झाली आहे. एका धार्मिक संस्थेच्या निवासी वर्गांत त्याला सहा महिने ठेवावें, असें त्यांच्या यजमानांच्या मनांत आहे. बेत ठरत असतां सूनबाईनें विचारलें कीं, तेथें रात्रीं मुलांच्या खोलींत कोण निजतें? या एका प्रश्नावरून घरांत दोन दिवस अबोला झाला. भगिनी लिहितात, "जेथें अष्टौप्रहर देवाधर्माचें काम चालतें, तेथें असल्या शंका मनांत आणणें हेंच पाप नव्हे काय? सून शिकलेली आहे, उद्धट नाहीं. पण तिला कसें समजवावें हें कळेना, म्हणून आपणांस विचारतें."

सूनबाईला समजावण्याचें काम माझ्याकडून व्हावयाचें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतें. तिचा प्रश्न एका सबंध देशानें पांच वर्षें विचारला आणि त्याचीं उत्तरें सतरा खंडांत छापलीं. तो देश ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनीं १२ नोव्हेंबर २०१२ रोजीं एक रॉयल कमिशन नेमण्याची घोषणा केली. त्या आधीं कित्येक वर्षें न्यूकॅसल येथील वृत्तपत्रांत जोअॅन मॅकार्थी या लेखिका कॅथॉलिक पाद्र्यांनीं मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयीं लिहीत होत्या, आणि घोषणेच्या थोडेच दिवस आधीं पीटर फॉक्स नांवाच्या पोलीस अधिकाऱ्यानें दूरदर्शनवर येऊन, हीं प्रकरणें दडपलीं जात आहेत, असें उघड सांगितलें होतें. न्यायमूर्ति पीटर मॅक्लेलन अध्यक्ष व आणखी पांच सभासद, असें सहा जणांचें हें कमिशन जानेवारी २०१३ मध्यें कामास लागलें, आणि १५ डिसेंबर २०१७ रोजीं त्यानें आपला अखेरचा अहवाल सादर केला. अनाथालयें, शाळा, क्रीडामंडळें, सरकारी वसतिगृहें, सर्वच संस्था त्याच्या कक्षेंत होत्या; परंतु आपली हकीकत सांगावयास जीं माणसें आलीं, त्यांच्यांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं ज्या संस्थांकडे बोट दाखविलें त्या धार्मिक होत्या.

या कमिशननें चौकशी कशी केली हें मला त्याच्या निष्कर्षांइतकेंच महत्त्वाचें वाटतें. चौकशी म्हटली कीं आपल्या डोळ्यांसमोर साक्षीदाराचा पिंजरा उभा राहतो. शपथ घ्यावयाची, वकिलानें उलटतपासणी करावयाची, आणि तारीख, वार, खोलीचा रंग यांत कोठें विसंगति आढळली कीं साक्षीदार खोटा ठरावयाचा. लहानपणीं सोसलेलें दुःख चाळीस वर्षांनीं सांगूं पाहणारा मनुष्य या रीतीपुढें गप्पच बसणार. म्हणून कायद्यांत दुरुस्ती करून कमिशननें खाजगी भेटींची रीत काढली. एक किंवा दोन सभासद समोर बसत. शपथ नाहीं, वकील नाहीं, उलटतपासणी नाहीं. येणाऱ्यानें आपल्याला सांगावेंसें वाटेल तें, वाटेल त्या क्रमानें सांगावें. सोबत कोणी हवें असल्यास आणावें. अशा आठ हजारांहून अधिक भेटी झाल्या. जे येऊं शकत नव्हते त्यांच्याकडे सभासद गेले. तुरुंगांतहि गेले, कारण या दुःखानें वाट चुकून तेथें पोहोंचलेलीं माणसें पुष्कळ होतीं. ज्या प्रकरणांत पुढें कांहीं करण्याजोगें होतें, अशीं अडीच हजारांहून अधिक प्रकरणें पोलीस व इतर अधिकाऱ्यांकडे धाडण्यांत आलीं.

या भेटींतून एक आंकडा निघाला. अत्याचार झाल्यापासून तो प्रथम कोणास तरी सांगण्यापर्यंत सरासरीनें गेलेला काळ २३.९ वर्षें. म्हणजे आठ वर्षांच्या मुलानें तोंड उघडलें तेव्हां तो बत्तिशीच्या घरांत होता. "खरें असतें तर तेव्हांच बोलला नसता का?" हा आपल्या घराघरांतून ऐकूं येणारा प्रश्न ज्यांना सुचतो, त्यांनीं हा आंकडा कागदावर लिहून देवघराच्या भिंतीवर लावावा, असें मला एका उद्विग्न क्षणीं वाटलें होतें.

कमिशनच्या हातांतलें दुसरें साधन दप्तर मागविण्याच्या अधिकाराचें. माणसें विसरतात, नाकबूल करतात. कागद विसरत नाहींत. व्हिक्टोरिया प्रांतांतील बॅलरॅट या धर्मप्रांताची हकीकत पाहा. जेराल्ड रिड्स्डेल नांवाचा एक पाद्री तेथें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बदलला जात होता. प्रत्येक गांवीं त्याच्याविषयीं कुजबूज होई आणि प्रत्येक वेळीं बदली होई. १९८२ सालीं मॉर्टलेक या गांवाहून त्याला हलविण्याचें ठरलें, त्या सभेच्या इतिवृत्तांत कारण काय लिहिलें आहे? त्याला तेथून हलविणें आवश्यक झालें आहे, एवढेंच. आवश्यक कां झालें तें लिहिलेलें नाहीं. त्या एका अलिप्त वाक्यामागें त्या गांवांतील कितीतरी मुलें होतीं. हा मनुष्य प्रथम १९९३ सालीं दोषी ठरला आणि पुढें अनेक खटल्यांतून साठांहून अधिक मुलांवरील अपराध त्याच्यावर शाबीत झाले. त्याच्या बदल्या करणारे बिशप रोनल्ड मल्कर्न्स यांची साक्ष २०१६ सालीं, त्यांच्या मृत्यूपूर्वीं थोडे आठवडे, आजारपणांतच झाली. आपल्या हातून या गोष्टी नीट हाताळल्या गेल्या नाहींत याचा खेद त्यांनीं व्यक्त केला. एवढ्यानें कोणाचें काय परत मिळणार होतें, हा प्रश्न निराळा.

बॅलरॅटच्या लोकांनीं २०१५ सालीं एक गोष्ट केली, ती येथें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. ज्या शाळेंत व ज्या चर्चमध्यें हे प्रकार घडले, त्यांच्या कुंपणाला लोक रंगीबेरंगी फिती बांधूं लागले. कोणीं भाषण केलें नाहीं. पीडितांना आम्ही तुमच्या बाजूचे आहों हें कळावें एवढाच हेतु. फितींनीं तीं कुंपणें भरून गेलीं आणि ही चाल पुढें दुसऱ्या गांवींहि पसरली.

दुसऱ्या एका पंथाचें दप्तर उघडलें तेव्हां निराळाच चमत्कार दिसला. जेहोवाचे साक्षीदार या नांवाचा ख्रिस्ती पंथ आहे. त्याच्या ऑस्ट्रेलियांतील कार्यालयानें १९५० पासूनच्या तक्रारींच्या फायली व्यवस्थित ठेविल्या होत्या. त्यांत आरोप असलेल्या माणसांची संख्या १,००६ होती, आणि त्यांच्यांपैकीं एकाचेंहि नांव संस्थेनें आपण होऊन पोलिसांस कळविलें नव्हतें. दप्तर चोख होतें, अक्षर सुवाच्य असेल, अनुक्रम बिनचूक असेल. दार तेवढें बंद होतें. या पंथांत तक्रारीचा निवाडा वडील पुरुषांचें मंडळ करीत असे. आरोपी नाकबूल गेल्यास दुसरा साक्षीदार आणावा लागे, कारण दोन साक्षीदारांवांचून कोणतीहि गोष्ट सिद्ध मानूं नये, असें त्यांच्या धर्मग्रंथांत वचन आहे. आतां हा अपराध दुसऱ्याच्या देखत कोण करतो? कर्ज, हद्द, मारामारी यांसाठीं जो नियम शहाणपणाचा, तोच येथें लावला कीं अपराध्याच्या अंगावर चिलखत चढतें. बायबल वाचणाऱ्यांना याबद्दल हंसण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. शास्त्रवचन मूळ प्रसंगापासून तोडून भलत्या ठिकाणीं चिकटविण्याची कला आपल्याकडे कांहीं कमी प्रगल्भ नाहीं.

तिसरी गोष्ट मेलबर्न व सिडनी येथील येशिवांची, म्हणजे कर्मठ यहुदी समाजाच्या विद्यापीठांची. २०१५ च्या फेब्रुवारींत तिची जाहीर सुनावणी झाली. आपल्या जातीच्या माणसाला परक्या सत्तेच्या हवालीं करूं नये, असा त्यांच्यांत पूर्वींचा निर्बंध आहे. त्याला मसीरा म्हणतात. शेंकडों वर्षें जुलमी राजवटींत काढलेल्या समाजानें असा नियम करावा यांत नवल नाहीं. तो बालकांवरील अत्याचाराला लागू नाहीं, असें रब्बींनीं या सुनावणींत सांगितलेंहि. परंतु कागदावर लागू नसलेला नियम मनांत लागू असतो. ज्या कुटुंबांनीं तोंड उघडलें, त्यांना प्रार्थनामंदिरांत कोणी ओळख देईना. लेंकराची बाजू घेणाऱ्या बापाशीं जुने स्नेही बोलेनासे झाले. वाळीत टाकणें हा शब्द त्यांच्या भाषेंत नसेल. आपल्या वाचकांस तो समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, हे सारे परधर्मीयांचे प्रकार झाले. आपल्या आश्रमांत, आपल्या गुरुकुलांत असें व्हावयाचें नाहीं. म्हणून चौथी गोष्ट जरा विस्तारानें सांगतें.

सिडनीच्या उत्तरेस मॅंग्रोव्ह माउंटन येथें १९७४ सालीं एक योगाश्रम निघाला. बिहारमधील मुंगेर येथें योगविद्यालय स्थापन करणारे स्वामी सत्यानंद यांच्या परंपरेंतला तो आश्रम, आणि त्याचा प्रमुख होता त्यांचा शिष्य अखंडानंद. ऑस्ट्रेलियांतील सुशिक्षित, मध्यम स्थितींतील माणसें भगवीं वस्त्रें घेऊन तेथें राहावयास गेलीं. कांहींनीं आपलीं मुलेंहि बरोबर नेलीं. हीं माणसें वाईट नव्हतीं. पैशाच्या मागें धांवणाऱ्या जगाला कंटाळून त्यांनीं आपल्याच देशांतून गेलेलीं आसनें, प्राणायाम, जप, गुरुसेवा यांचा आधार शोधला होता. आश्रमांत आईबाप व मुलें निराळीं राहत. मोहमाया सुटावी म्हणून आई ही आई न राहतां एक संन्यासिनी होई आणि मूल हें सर्वांचें होई. जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हें कळावयास पुढें फार वर्षें लागलीं. मुलांवर कामाचा बोजा पडे, मार बसे, आणि सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत त्यांच्यांतील कित्येकांवर प्रत्यक्ष आश्रमप्रमुखानेंच लैंगिक अत्याचार केले. मोठ्यांपैकीं कोणास सांगावें, तर गुरुनिंदा केल्याचा दोष सांगणाऱ्याच्या माथीं. गुरूचें वागणें सामान्य बुद्धीनें मोजूं नये, त्यांत शिष्याच्या उद्धाराचा कांहीं गूढ हेतु असतो, हें वाक्य तेथें शिकविलेलें होतें. आपण सर्वांनीं तें कोठें ना कोठें ऐकलें आहे.

अखंडानंद १९८७ सालीं पकडला गेला आणि १९८९ सालीं दोषी ठरला. परंतु १९९१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. कारण मोठें विलक्षण आहे. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतींत संभोगाच्या अपराधाचा खटला बारा महिन्यांच्या आंत भरला पाहिजे, असा तेव्हांच्या प्रांतिक कायद्याचा दंडक होता. ती मुदत उलटून गेली होती, म्हणून सरकारी पक्षानें त्याच कृत्याबद्दल मुदतीचें बंधन नसलेला सौम्य आरोप ठेवला. अशा आडवाटेनें मुदत चुकवितां येणार नाहीं, असें बहुमतानें ठरलें. न्यायाधीशांनीं कायद्याचा अर्थ सांगितला. त्यांना बोल लावण्यांत अर्थ नाहीं. पण तेवीस वर्षांनीं बोलण्याचें बळ येणाऱ्या मुलांना कायद्यानें बारा महिने दिले होते! अखंडानंद १९९७ सालीं वारला. २०१४ सालीं आश्रमाचीं चाळीस वर्षें साजरीं करण्याचा घाट घातला गेला, आणि ती मंगलवार्ता वाचून तेथें वाढलेलीं मुलें, आतां प्रौढ झालेलीं, आपल्या बालपणाविषयीं उघड लिहूं लागलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कमिशनची जाहीर सुनावणी झाली. ज्या स्त्रियांना एकेकाळीं खोट्या ठरविलें होतें, त्यांचें म्हणणें प्रथमच न्यायमूर्तीनें मान तुकवून, न अडवितां ऐकलें.

खोट्या आरोपांचें काय, असा प्रश्न विचारणें रास्त आहे, आणि तो टाळण्याचें कारण नाहीं. ऑस्ट्रेलियांतलेच एक मोठे धर्माधिकारी, कार्डिनल जॉर्ज पेल, यांना डिसेंबर २०१८ मध्यें पंचांनीं दोषी ठरविलें. चारशें दिवसांहून अधिक काळ ते तुरुंगांत होते, आणि एप्रिल २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या सातहि न्यायाधीशांनीं एकमतानें तो निर्णय रद्द केला, कारण गुन्हा निःसंशय सिद्ध होत नव्हता. शिक्षा देण्यास असा कडक पुरावा हवाच. परंतु शिक्षा देणें निराळें आणि मुलाचें ऐकणें निराळें. मुलाचें म्हणणें ऐकून तें योग्य अधिकाऱ्याकडे नेण्यास न्यायालयाइतका पुरावा लागत नाहीं. या दोहोंची गल्लत करून आपण ऐकण्याच्याच दारावर न्यायाधीश बसवितों.

अहवालानंतर झालेल्या गोष्टी थोडक्यांत सांगतें. १ जुलै २०१८ पासून पीडितांना भरपाई देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. २२ ऑक्टोबर २०१८ रोजीं पंतप्रधान मॉरिसन यांनीं पार्लमेंटांत देशाच्या वतीनें क्षमा मागितली. पापनिवेदनाच्या वेळीं कळलेली गोष्टहि पाद्र्यानें अधिकाऱ्यांस कळविली पाहिजे, असे कायदे व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड आदि प्रांतांनीं केले. त्यावर धर्मसंस्थेचा विरोध झाला, पण कायदे झाले. खाजगी भेटीस आलेल्या हजाराहून अधिक माणसांनीं स्वहस्तें लिहिलेले संदेश एका ग्रंथांत बांधून राष्ट्रीय ग्रंथालयांत ठेवण्यांत आले आहेत.

आतां आपल्याकडे वळूं. गिलार्डबाईंच्या घोषणेनंतर दोनच दिवसांनीं, १४ नोव्हेंबर २०१२ रोजीं, आपल्या देशांत बालकांचें लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा अमलांत आला. पॉक्सो या आद्याक्षरी नांवानें तो सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील दोनचार कलमें प्रत्येक घरांतील मोठ्यांस पाठ असावीं, अशा योग्यतेचीं आहेत. अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचें ज्याला कळलें, त्यानें तें पोलिसांस कळविणें हें बंधनकारक आहे. मग तो बाप असो, शिक्षक असो, विश्वस्त असो कीं वैद्य असो. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानें दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊं शकतो. शाळेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापकानें वा नोकरानें तेथील मुलावर अपराध केला तर तो अधिक गंभीर समजला जातो. कायद्यानें धार्मिक संस्थेचें नांव मुद्दाम घेतलें आहे. जबाब घेण्यासाठीं पोलीस अधिकाऱ्यानें मुलाच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या जागीं, गणवेष न घालतां यावें, शक्यतों स्त्री अधिकारी असावी, आणि ज्यावर मुलाचा विश्वास आहे असें माणूस त्याच्याजवळ असावें. न्यायालयांत आरोपीशीं त्याची नजरानजर होऊं नये आणि त्याचें नांव कोठेंहि छापूं नये. म्हणजे "पोलीस चौकीवर नेऊन पोराचे हाल होतील, आणि कुळाचें नांव चव्हाट्यावर येईल" हें जें भय आपण पुढें करतों, त्याचा विचार कायदा करणारांनीं आपल्या आधींच करून ठेविला आहे. कायद्याप्रमाणें सर्वत्र चालतें असें मी म्हणत नाहीं. पण निदान काय मागावयाचें तें तरी ठाऊक असावें. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक तर मुलांनाच पाठ करवून घ्यावा.

या कायद्याखालीं २०१८ सालीं जोधपूर येथील न्यायालयानें आसाराम नांवाच्या, लाखों अनुयायी असलेल्या बुवाला जन्मठेप दिली. पीडित मुलगी सोळा वर्षांची होती, आणि तिचे आईबाप त्याचे निस्सीम भक्त होते. तिनें सांगितल्यावर त्यांनीं गुरूवर नव्हे, मुलीवर विश्वास ठेवला. त्या घरीं त्या रात्रीं काय झालें असेल, याचा मीं पुष्कळदां विचार केला आहे. ज्याची तसबीर भिंतीवर होती, ज्याच्या चरणीं सारें वाहिलें होतें, तो एका लेंकराच्या चार वाक्यांनीं खालीं उतरवावयाचा! खटल्याच्या काळांत साक्षीदारांवर हल्ले झाले, खूनहि झाले. ते आईबाप हलले नाहींत.

बहुतेक घरांत तें होत नाहीं. भारत सरकारनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारलें असतां, निम्म्याहून अधिकांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचें सांगितलें; तो देणारीं निम्मीं माणसें ओळखीचीं, विश्वासांतलीं होतीं, आणि बहुतेक मुलांनीं तोंवर कोणापाशींहि तें बोलून दाखविलें नव्हतें.

माझा एक मामेभाऊ आहे. त्याच्या परवानगीनें लिहितें. मुंज झाल्यावर नवव्या वर्षीं त्याला एका शास्त्र्यांच्या पाठशाळेंत वेदाध्ययनासाठीं ठेवलें. घरांत तें मोठें भूषण मानलें गेलें. आजोबांनीं पेढे वांटले. दिवाळीला तो घरीं आला तो निराळाच होऊन. बोलेना, रात्रीं अंथरूण ओलें करी, कोणी मागून हांक मारली तर दचके. परत जाण्याच्या दिवशीं त्यानें माजघराच्या खांबाला मिठी मारली. आजोबा दुष्ट नव्हते. इतका प्रेमळ मनुष्य मीं पाहिला नाहीं. पण ते म्हणाले, "गुरुगृहीं कष्ट व्हावयाचेच," आणि त्यांनीं स्वतः त्याचीं बोटें एकेक करून सोडविलीं. मीं तेव्हां बारा वर्षांची होतें व दारांत उभी होतें. दोन वर्षांनीं तो तेथून पळून आला. पुढें शाळा, नोकरी, संसार, सर्व कांहीं यथास्थित झालें. मात्र पूजेला तो कधीं बसला नाहीं. आम्ही सगळ्यांनीं त्याला नास्तिक म्हणून चिडविण्यांत पन्नास वर्षें घालविलीं.

ऑस्ट्रेलियांतील या अहवालाविषयीं वाचल्यावर, एकदां तो एकटाच आमच्याकडे आला असतां, मीं त्याला सरळ विचारलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "आक्का, त्या वेळीं आजीला संशय आला होता. तिनें मला न्हाणीघरांत नेऊन विचारलें, 'काय रे, काय झालें?' मी सांगणारच होतों. इतक्यांत बाहेर आजोबा खाकरले, आणि तिनें माझ्या डोक्यावर पाणी ओतलें. त्यानंतर आज तूंच." त्यापुढें तो काय बोलला तें येथें लिहावयाचें नाहीं. तो बोलला, मीं ऐकलें, आणि दिवेलागण झाल्याचेंहि आम्हांला कळलें नाहीं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मीं उत्तर पाठविलें आहे. सूनबाईचा प्रश्न संस्थेला लेखी विचारावा. त्याबरोबर, मुलें कोणाहि एका मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड एकटीं असतात का, पूर्वीं कधीं तक्रार आली होती का आणि आल्यास ती कोणाकडे दिली, हेंहि विचारावें. रागावणारी संस्था आणि उत्तर देणारी संस्था यांतला भेद तेथेंच कळतो. जावयाचें ठरलेंच, तर नातवाला आजोबांनीं स्वतः सांगावें कीं, तेथें कोणींहि अंगाला नको तसा हात लावला, किंवा "घरीं सांगूं नकोस" म्हटलें, तर तें घरीं सांगावयाचें. सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाहीं. हें आजोबांच्याच तोंडून यावें, आईच्या नव्हे.

पत्र पाकिटांत घालण्यापूर्वीं मामेभावाला वाचावयास दिलें. त्यानें चष्मा लावून तें दोनदां वाचलें, आणि माझ्याकडून लेखणी मागून घेऊन खालीं आपल्या हातानें एक ओळ वाढविली : मुलाला वाटेल तेव्हां घरीं दूरध्वनि करतां येतो का, आणि करतांना जवळ कोण उभें असतें?